पंधरापैकी किती

एखादा कारखाना बुडणार असला, की ते तोमिओ ओगुराला त्या कारखान्याच्या मालकाच्याही आधी कळायचं. फुकुईच्या ज्या पतचौकशी कचेरीत तो सव्वीस वर्षं तपासनीस होता, तिथं त्याच्या नाकाची ख्याती होती. छोट्या कारखान्यात जायचं, मालकाबरोबर चहा घ्यायचा, तासभर बोलायचं आणि परत येऊन हा धंदा वर्षभर तग धरेल की बसेल हे कागदावर मांडायचं, एवढंच त्याचं काम. वह्या तर सगळेच तपासतात. तोमिओ बघायचा ते निराळंच. संडासातला हात पुसायचा टॉवेल कधी बदललाय. भिंतीवरचं घड्याळ मागं पडलंय का, आणि पडलं असेल तर रोज किती जण ते बघून तसंच सोडून देतात. हिशेब लिहिणारी बाई नवी आहे का. असेल तर जुनी का गेली. मालक व्यापारी मंडळाच्या किती समित्यांवर आहे.

"ज्याला आपल्या कारखान्यात करमेनासं होतं ना, तो समितीवर जातो," असं तो नव्या तपासनिसांना सांगायचा, आणि ती बिचारी ते वहीत उतरवून घ्यायची.

कागद शंभर गुणांचा. किती वर्षं धंदा चालू आहे, भांडवल किती, नफा किती, याचे गुण आकड्यांवरून आपोआप पडत. त्यात कुणाची मर्जी चालत नसे. पण दोन रकाने तपासनिसाच्या हातातले होते. एक 'मालक', पंधरा गुणांचा. दुसरा 'कारखान्याची उमेद', एकोणीस गुणांचा. बेरीज पन्नासाच्या वर गेली, की माल देणारे डोळे मिटून उधारीवर देत. पन्नासाच्या खाली आली, की म्हणत, आधी रोख मोजा. छोट्या कारखान्याला आधी रोख मोजायला सांगणं म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचे कपडे घालून ये म्हणण्यासारखं. तोमिओला ते ठाऊक होतं. म्हणूनच हे दोन रकाने भरताना तो पेन खाली ठेवून आधी डोळे मिटून बसायचा. निदान आजवर तरी बसायचा.

नोव्हेंबरच्या मध्यावर शाखाप्रमुख कुरामोचीबाईंनी एक फाइल त्याच्या टेबलावर ठेवली.

"ओसाकाच्या टायटॅनियमवाल्यांकडून चौकशी आली आहे. नाकात्सु चष्मे, शिमोनो गाव. ओगुरासाहेब, हे तुमचंच गाव ना? काही नातंबितं?"

"शेजारी," तोमिओ म्हणाला.

"शेजारी चालतो," बाई हसल्या. "नातं असेल, किंवा घरातलं कुणी तिथं नोकरीला असेल, तर सांगायचं. नियम आहे."

"आता कुणी नाही."

हे खरं होतं. आता कुणी नव्हतं.

शिमोनो हे साबाए शहराला चिकटलेलं गाव. तिथं घरटी चष्म्यांचं काम. कुणी बिजागरी बसवतो, कुणी दांड्या वाकवतो, कुणी सोनेरी मुलामा देतो. एक चष्मा दहा घरं फिरून पुरा होतो. तोमिओच्या बापाचा, योहेइ ओगुराचा, पॉलिशचा कारखाना होता. शेजारी नाकात्सुंचा. तोमिओ सतरा वर्षांचा असताना योहेइचा कारखाना बसला. थोरल्या नाकात्सुंनी योहेइची सहा पॉलिशची चाकं विकत घेतली, कामगार घेतले, आणि शेवटी योहेइलाही घेतलं. कालचा मालक शेजाऱ्याकडं पॉलिशच्या चाकावर बसला, आणि पुढं अकरा वर्षं बसला.

तोमिओला त्याची लाज वाटली असती तर ती एक वेळ विरून गेली असती. लाज विरते. पण खरं शल्य वेगळंच होतं. स्वतःचा कारखाना असताना योहेइ घरात कधी हसला नव्हता. नाकात्सुंकडं कामगार झाल्यावर तो हसायला लागला. संध्याकाळी जेवताना नाकात्सुंच्या हिसाओचं कौतुक सुरू व्हायचं. हिसाओचा हात असा हलका. हिसाओला चाकाचा आवाज कळतो. तोमिओच्याच वयाचा हिसाओ योहेइच्या बाजूला बसून शिकला: कडेला किती दाबायचं, कुठं सोडायचं, धातू तापायच्या आधी बोटाला कसं कळतं. योहेइ गेला तेव्हा त्याच्या बोटांतली सगळी विद्या शेजारच्या घरी राहिली. तोमिओच्या वाट्याला मनगटी घड्याळ आलं.

बापाचा कारखाना बसल्यापासून चाळीस वर्षं तोमिओ हिसाओवर नजर ठेवून होता. हिसाओची बायको पाच वर्षांपूर्वी वारली तेव्हा त्यानं मनापासून अश्रू ढाळले, आणि तिरडीमागं चालताचालता अख्खं गाव लोटलंय हे मोजून घेतलं. हिसाओचा मुलगा नागोयाची नोकरी सोडून बापाच्या हाताखाली परत आला, आणि तोमिओची मुलगी टोक्योहून नव्या वर्षाला सुद्धा येईना, तेव्हा त्यानं हिसाओचं अभिनंदन केलं आणि दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही.

आता हिसाओचा कारखाना त्याच्या पेनाखाली आला होता.

पहिल्या भेटीला तो तीन वाजता गेला. तीन म्हणजे चहाची वेळ. अकराच्या अकरा कामगार लाकडी बाकावर बसले होते, हात राखाडी, तोंडं हसरी. पंचाहत्तरीची कुनिएआजी मुळ्याचं लोणचं वाटत होती.

"आले, यमाचे कारकून आले!" ती ओरडली. "कुणाचा नंबर लागलाय रे?"

"तुझाच, आजी," तोमिओ म्हणाला.

"माझा? मी गेले तर बिजागऱ्या कोण बसवणार? यमाला चष्मा लागला तर पंचाईत होईल त्याची."

सगळे खदखदले. हिसाओ आतून टॉवेलनं हात पुसत आला. ठेंगणा, गोल, टकलावर धातूची भुकटी चमकणारा. तोमिओनं वही उघडली.

"ये रे तोमिओ. तुझ्यासमोर बसायचं म्हणजे परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. शाळेत तुझीच उत्तरं बघून पास झालो, आता तूच तपासणार म्हणजे मेलोच की."

"शाळेत बघून लिहिलंस हे अहवालात घालू का?"

"घाल! प्रामाणिक मालक म्हणून दोन गुण वाढव."

टॉवेल स्वच्छ होता. घड्याळ बरोबर होतं. हिशेब लिहिणारी बाई सतरा वर्षं तीच होती. तोमिओनं विचारायचं ते सगळं विचारलं आणि हिसाओनं काहीही झाकलं नाही. चीनमधून स्वस्त माल यायला लागल्यापासून दोन वर्षं तोटा होता. तो त्यानं स्वतःच आधी सांगितला. म्हाताऱ्यांच्या नाकाला भार न देणारी एक अगदी हलकी फ्रेम त्यानं आणि मुलानं मिळून काढली होती. टोक्योच्या एका दुकानमालिकेनं ती मागितली होती. माल डिसेंबरच्या वीस तारखेला हातात हवा होता. त्यासाठी महिनाअखेरीपर्यंत ओसाकाहून फ्रेमचं टायटॅनियम यायला हवं होतं, आणि ते उधारीवरच शक्य होतं.

"ही ऑर्डर झाली तर आम्ही तरलो," हिसाओ म्हणाला. "नाही झाली, तर नव्या वर्षानंतर यांना 'कामावर या' म्हणून सांगायला मला तोंड नाही." त्यानं बाकाकडं बघितलं. मग लगेच हसला. "पण होईल. पोराचं डोकं चांगलं आहे. माझ्यावर गेलं नाही."

पोराचं डोकं. तोमिओनं वही मिटली. "कारखाना चालू असताना एकदा बघायला हवा. गुरुवारी येतो."

"गुरुवार-शुक्रवार नको रे, भांडी आहेत. सोमवारी ये, सगळी चाकं घुमताना दाखवतो."

भांडी म्हणजे देवळातली. नोव्हेंबरच्या अखेरीस गावच्या देवळात पंथाच्या आद्यगुरूंचा पुण्यतिथी-सप्ताह असतो, आणि त्याच्या आधी गाभाऱ्यातल्या पितळेच्या समया, धूपदाण्या, फुलदाण्या, सगळं उतरवून गाव ते घासतं. इतर गावांत बायका राख आणि फडकं घेऊन बसतात. शिमोनो हे पॉलिशवाल्यांचं गाव. इथं कारखाने दोन दिवस चाकं थांबवतात आणि माणसं देवळात जातात. देवाच्या भांड्याला यंत्र लावायचं नाही, हाताची बोटं लावायची, असा रिवाज. मालक त्या दोन दिवसांची मजुरी कापत नाहीत. तोमिओ त्या गावात वाढला होता. मधल्या मोठ्या समईवर अकरा वर्षं त्याच्या बापाचा हात फिरला होता, आणि आता हिसाओचा फिरत होता.

तरी तो गुरुवारी गेला. शुक्रवारीही गेला.

कारखान्याला कुलूप नव्हतं, कधीच नसायचं. आत आठ चाकं गप्प उभी होती. खिडकीतून समोरच्या देवळातला गलका ऐकू येत होता. कुनिएआजी कुणाला तरी खडसावत होती, "अरे, ती बुद्धाची धूपदाणी आहे, तुझ्या सायकलचं चाक नाही, हळू!" आणि वीस माणसं हसत होती. त्या हसण्यात हिसाओचं हसणं वेगळं ओळखू यायचं, कोंबडा आरवताना मधेच ठसका लागावा तसं. तोमिओ डावीकडच्या तिसऱ्या चाकापाशी उभा राहिला. इथं त्याचा बाप बसायचा. स्टुलावरची गादी नवी होती, पण स्टूल तेच. कुणीतरी ते नीट राखलं होतं, आणि कुणी राखलं होतं हे त्याला न विचारताच कळत होतं. आपल्या बापाच्या आठवणीचीही देखभाल यानंच करावी! तोमिओचे कान तापले. खिशातून वही काढून त्यानं तारीख आणि वेळ टिपली.

त्या दिवशी संध्याकाळी कचेरीत त्यानं अहवाल लिहिला. "गुरुवार व शुक्रवार, कामाच्या दिवशी, दोन वेळा प्रत्यक्ष पाहणी केली. दोन्ही वेळा आठही यंत्रं बंद आढळली. कामगार जागेवर नव्हते. मालक जागेवर नव्हते."

त्यानं चारही वाक्यं पुन्हा वाचली. एकही शब्द खोटा नव्हता. देवळाचा उल्लेख केला नाही. देवळाचा रकाना कुठं आहे? मालक, पंधरापैकी आठ. उमेद, एकोणीसपैकी सात. बेरीज सेहेचाळीस. डोळे मिटून बसायला त्या दिवशी त्याला वेळ झाला नाही.

सप्ताहातलं गायनप्रवचन पुढच्या आठवड्यात, शनिवारी दुपारी होतं. तोमिओची बायको मित्सुए ही अशा प्रवचनांची वेडी. बुवा कुठले, आवाज कसा, कुठल्या आख्यानाला कुठं रडू येतं, सगळं तिला पाठ. यंदा नोतोकडचे एक म्हातारे बुवा येणार होते, त्यामुळे ती चार दिवस आधीपासून उड्या मारत होती.

"अहो, चला लवकर. मागं बसलं तर बुवांच्या पंख्याची हालचाल दिसत नाही."

"पंखा बघायला जातेस की ऐकायला?"

"दोन्ही. पंखा खाली आला की रडायचं असतं."

देऊळ भरलं होतं. समया इतक्या लखलखत होत्या की बघवत नव्हतं. तोमिओनं मधल्या मोठ्या समईकडं बघायचं टाळलं आणि मग तिच्याकडंच बघत बसला. बापाच्या वेळी लखलखायची त्याहून जास्त? नाही. तेवढीच. म्हणजे अगदी तेवढीच.

बुवा उंच आसनावर बसले. आधी साधं बोलले, घरातल्या आजोबांसारखं. थंडीचं विचारलं, मुळे कसे आलेत विचारलं. मग आवाज हळूहळू चढला, शब्दांना सूर लागला, आणि कधी बोलणं संपून गाणं सुरू झालं ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. त्या दिवशीचं आख्यान ओताने नावाच्या विणकरणीचं होतं.

"ही ओताने," बुवा म्हणाले, "सकाळी उठली की पहिलं काय करायची? देवाला हात जोडायची? छे! भिंतीच्या फटीतून शेजारच्या ओमात्सुच्या घरावर धूर निघाला का ते बघायची. निघाला असेल तर हिचा चहा कडू! ओमात्सुचा मुळा जाड, हिचा बारीक. ओमात्सुची सून वाकून बोलते, हिची मान वर करून. हातमागावर बसली की धोटा इकडून जाताना 'ओमात्सु', तिकडून येताना 'ओमात्सु'!" बुवांनी पंख्यानं धोट्यासारखी हालचाल केली. माणसं हसली. "चाळीस वर्षं! आणि मग आलं मरण. उशाशी गुरुजी बसले. म्हणाले, बाई, आता नाव घे. अमिदा बुद्ध उभे आहेत, फक्त हाक मार. ओतानेनं सगळा जीव ओठांत आणला, तोंड उघडलं..."

पंखा वर थांबला. देवळात श्वास थांबले.

"...आणि म्हणाली, 'ओमात्सु!'"

हसू उसळलं, पण ते मधेच विरलं, कारण बुवांचा आवाज आता खाली, खाली, विहिरीत उतरावा तसा उतरत होता. "गुरुजींनी कपाळाला हात लावला. गेली, म्हणाले, बाई फुकट गेली. वर बोधिसत्त्वही म्हणाले, देवा, हिनं तुम्हाला हाक मारलीच नाही. आणि अमिदा काय म्हणाले? म्हणाले, अरे, चाळीस वर्षं जिनं एक माणूस घटकाभरही मनातून खाली ठेवला नाही, असं स्मरण मला कुठं मिळणार आहे? पत्त्यावर नाव दुसऱ्याचं असेल. पत्र मला पोचलंय. आणा तिला. जळत असेल तर जळतच आणा. विझल्यावर या, असं मी कधी कुणाला सांगितलंय?"

पंखा खाली आला. देवळातून नामाची लाट उठली, नामु अमिदा बुत्सु, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेली आणि परत आली. मित्सुएचा रुमाल भिजला. तोमिओचे डोळे कोरडे होते. त्यानं समोर बघितलं. दोन रांगा पुढं हिसाओ लहान मुलासारखा हुंदके देत रडत होता, टॉवेलनं टक्कल सुद्धा पुसत होता. रडण्यातसुद्धा हा माझ्या पुढं, तोमिओच्या मनात आलं. आणि ते आलं म्हणताच त्याला स्वतःचीच शिसारी आली. चाळीस वर्षं. धोटा इकडून, धोटा तिकडून.

मग प्रसादाचं जेवण. उकडलेला मुळा, लाल चवळीची आमटी, तळलेल्या टोफूचा जाड तुकडा. हिसाओ नेमका त्याच्याच शेजारी येऊन बसला.

"काय बुवा, काय बुवा! ओताने म्हणजे आमच्या कुनिएआजीच की." मग त्याचा आवाज पडला. "तोमिओ, ओसाकावाल्यानं माल थांबवला रे."

"कधी?"

"परवा फोन आला. म्हणे, तुमची यंत्रं बंद असतात. मी म्हटलं, बंद कसली, दोन दिवस भांडी होती. तर म्हणतो, भांडी म्हणजे? आता ओसाकाच्या माणसाला मी फोनवर काय सांगू? त्याला वाटलं, कारखाना सोडून मालक भांडी घासत बसला."

"अहवालात..." तोमिओनं तोंड उघडलं.

"अरे, तू लिहिलंच असशील! मी त्याला तेच सांगितलं. म्हटलं, नीट वाचा साहेब, लिहिणारा आमच्याच गावचा आहे, योहेइकाकांचा मुलगा आहे, त्याला हे चुकायचं कारणच नाही. बाहेरचा तपासनीस असता तर समजलो असतो. पण शहरातली माणसं. दोन ओळी वाचतात, तिसरी सोडतात." त्यानं आपल्या ताटातला टोफूचा तुकडा उचलून तोमिओच्या वाडग्यात टाकला. "खा. तुला आवडतो. मला आज जात नाही."

"तारीख कधीची आहे?"

"गुरुवारपर्यंत माल निघाला तर गाठू. पोरगा म्हणतो मी ओसाकाला जाऊन पाया पडतो. मी म्हटलं, जाऊ नकोस, आकडे आहेत म्हणजे आहेत." त्यानं आपला वाडगा बाजूला सारला. मग म्हणाला, "काका असते तर त्यांना विचारलं असतं."

तोमिओनं टोफूचा तुकडा तोंडात घातला.

परतीच्या वाटेवर ऊन तिरपं झालं होतं, कापणी झालेल्या खाचरांत कावळे उतरले होते. मित्सुए अजून आख्यानातच होती.

"ओताने मला फार आवडली."

"का?"

"ओळखीची वाटली."

तोमिओचं पाऊल अडखळलं. "कोण वाटली?"

"मीच, दुसरं कोण? तुमच्या बहिणीनं नवं स्वयंपाकघर केलं तेव्हा मी वर्षभर तिच्याकडं पाणी सुद्धा प्यायले नाही. तुम्हाला वाटलं पोट बिघडलंय. औषध आणून दिलंत." ती हसली. "ते औषध मी कुंडीत ओतलं."

तोमिओ थांबला. मग बांधावर उभं राहूनच त्यानं तिला सांगितलं: गुरुवार, शुक्रवार, चार वाक्यं, आठ आणि सात. सगळं ऐकून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "सोमवारी कचेरी किती वाजता उघडते?"

"सव्वीस वर्षांत माझी एकही दुरुस्ती-चिठ्ठी गेलेली नाही, मित्सुए."

"मग ही पहिली. चला, थंडी पडते."

सोमवारी आठ वाजता तो कुरामोचीबाईंच्या टेबलापुढं उभा राहिला. दुरुस्ती-चिठ्ठीवर कारणाचा रकाना असतो. त्यात त्यानं लिहिलं होतं: "यंत्रं देवळाच्या सेवेसाठी थांबवली होती. हा दरवर्षीचा रिवाज तपासनिसाला माहीत होता. त्यानं लिहिला नाही. तपासनिसाचे वडील या कारखान्यात नोकरीला होते. तेही त्यानं सांगितलं नाही."

बाईंनी दोनदा वाचलं. त्या त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान होत्या, आणि नव्या असताना त्याची ती टॉवेलची आणि घड्याळाची वाक्यं त्यांनीच वहीत उतरवून घेतली होती.

"का नाही लिहिलंत?"

"मत्सर."

"या कागदावर त्याला रकाना नाही, ओगुरासाहेब."

"माहीत आहे."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. "साबाएचा भाग तुमच्याकडून काढावा लागेल. तुम्ही यापुढं बाहेर जायचं नाही. आत बसून फोन घ्यायचे. आणि या कारखान्याचे गुण तुम्ही आता वाढवायचे नाहीत, कमीही करायचे नाहीत. इवासा जाईल."

इवासा म्हणजे कानाझावाहून बदलून आलेली मुलगी, अठ्ठावीस वर्षांची, केस कापलेले, चालताना बुटांचा आवाज करणारी. ती त्याच दिवशी शिमोनोला गेली, मंगळवारीही गेली. फोनपाशी बसलेल्या तोमिओनं दोन्ही संध्याकाळी तिच्या बुटांची वाट बघितली. बुधवारी सकाळी बाईंनी तिचा अहवाल त्याच्यापुढं ठेवला.

"आधीच्या तपासनिसाची संमती लागते. तुम्ही शिक्का मारलात, तर हा आत्ता दहाला ओसाकाला जाईल. नाही मारलात, तर दोन्ही अहवाल मुख्य कचेरीत जातील, आणि निकालाला वेळ लागेल. तीन आठवडे. तो तुमचा हक्क आहे. पटत नसेल तर मारू नका. मी काही विचारणार नाही."

तोमिओ वाचायला लागला. पोरीनं चांगलं लिहिलं होतं. भांडी घासण्याचं तिनं व्यवस्थित समजून घेतलं होतं: त्या दोन दिवसांत कामगारांची मजुरी कापली जात नाही, नऊ वर्षांत एकही कामगार सोडून गेलेला नाही, आठही चाकांचा आवाज सारखा आहे. चाकांचा आवाज! हे हिला कुणी शिकवलं? दोन दिवसांत हिसाओनंच शिकवलं असणार. स्टुलावर बसवून, कान लावायला लावून. माझ्या बापाकडून घेतलेलं ते यानं असं वाटत सुटायचं, कानाझावाच्या पोरीला सुद्धा, आणि मला कधी एकदाही...

पुढं एक ओळ होती. "कारखान्याची सर्वांत मोठी ठेव कोणती, असं विचारता मालक म्हणाले, योहेइ ओगुरा यांनी शिकवलेला हात."

त्यानं ती ओळ तीनदा वाचली. बापाचं नाव सरकारी वाटावा अशा त्या कागदावर छापलेलं होतं. नाव बापाचं, पण हात हिसाओचा. डोळ्यांना काही दिसेनासं झालं, आणि ते आनंदानं की जळून हे त्याचं त्यालाही कळेना.

त्यानं पान उलटलं. बेरीज चोपन्न, म्हणजे पन्नासाच्या वर. उमेद, एकोणीसपैकी अकरा. ठीक. त्यानंही अकराच दिले असते, डोळे मिटून बसला असता तर. मालक, पंधरापैकी बारा.

बारा! सव्वीस वर्षांत त्यानं साबाएतल्या कुठल्याही मालकाला बारा दिले नव्हते. अकरा हा त्याचा कळस होता, आणि तोही तीनदाच दिलेला. तो जुना मत्सर पुन्हा वर आला, तस्साच, कालच्यापेक्षा काडीभरही लहान झालेला नव्हता. त्याला क्षणभर वाटलं होतं की चिठ्ठी लिहिल्यावर तो जाईल. गेला नव्हता. आणि शिवाय मतभेद खराच होता; अगदी कायदेशीर, धंद्यातला. दोन वर्षं तोटा असलेल्या मालकाला बारा देत नाहीत. शिक्का न मारता हे तो कुणालाही, मुख्य कचेरीलाही, मान वर करून सांगू शकला असता. तीन आठवडे.

घड्याळात दहाला सात मिनिटं कमी होती. कुरामोचीबाई खिडकीबाहेर बघत होत्या. इवासा फॅक्सच्या यंत्रापाशी कागद सरळ करत उभी होती. तिला काहीच माहीत नव्हतं.

तोमिओनं खणातून आपल्या नावाचा शिक्का काढला. लाल शाईवर दाबला, गोल फिरवला, नीट लागलाय ना ते बघितलं.

"बाई."

"बोला."

"मालकाला एक गुण जास्त दिलाय पोरीनं."

"मग?"

"मग काही नाही," तोमिओ म्हणाला, आणि शिक्का मारला. नाव ठळक, सरळ उमटलं. त्यानं कागदावर फुंकर घातली आणि तो स्वतः उठून इवासाच्या हातात नेऊन दिला.